संमोहन उपचारांचा कुणाला अनुभव आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच असा धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

वय ३८. चार माणसांसमोर बोलायची वेळ आली की माझा आवाजच फुटत नाही. घरी, मैत्रिणींत भरपूर बोलते, पण मीटिंगमध्ये कोणी नुसतं "तुला काय वाटतं?" विचारलं तरी घसा आवळतो, हात गार पडतात आणि मनात तयार असलेलं सगळं पुसलं जातं. सुरुवात कुठे झाली तेही माहितीये, सहावीत कविता म्हणताना अडखळले आणि बाईंनी तास संपेपर्यंत तसंच उभं ठेवलं, अख्खा वर्ग हसत होता. मला कळतं की ते कधीच संपलं, पण घशाला कळत नाही ना.

यंदा टीम लीड व्हायची संधी आली आणि मी घरचं कारण सांगून नाही म्हटलं. त्या रात्री खूप रडले आणि ठरवलं की आता यावर काहीतरी करायचंच.

ओळखीतून एका संमोहनतज्ज्ञाचा नंबर मिळाला. फोनवर म्हणाले ६ सेशनमध्ये मुळापासून काढून टाकू, गॅरंटी, अंतर्मनात मागे मागे जाऊ, लागलं तर पूर्वजन्मापर्यंत. तिथे मी थबकले. मूळ तर मला पाठ आहे, अजून मागे कशाला जायचं?

थोडं वाचलंय. संमोहनाची सुरुवात ज्याच्यापासून मानतात तो मेस्मर नावाचा डॉक्टर लोकांना चुंबकीय शक्तीने बरं करतो म्हणायचा, तर १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली (बेंजामिन फ्रँकलिनही होते त्यात) आणि त्यांनी सांगितलं की अशी शक्तीबिक्ती काही नाही, परिणाम होतो तो कल्पनेमुळे. मला उलट हे वाचून धीर आला, कारण माझा घसासुद्धा कल्पनेनेच आवळतो की! मग त्याच वाटेने तो सुटेल का?

तर विचारायचंय हे की त्यात शुद्ध हरपते का, आपण नको ते बोलून जातो का, आणि जायचं तर नेमकं कोणाकडे? कोणी स्वतः केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

निळाई:
मी केलंय, पण पोटासाठी. आयबीएसने (वारंवार पोट दुखणं, बिघडणं) बरीच वर्षं हैराण होते, औषधांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनीच पाठवलं. पोटाच्या या त्रासावर संमोहनाचा चांगला अभ्यास झालेला आहे, मँचेस्टरच्या डॉ. व्होरवेल यांची पहिली चाचणी १९८४ ची. शुद्ध अजिबात हरपत नाही गं. बाहेरचे हॉर्नसुद्धा ऐकू येत होते, फक्त त्यांच्याकडे लक्ष द्यावंसं वाटत नव्हतं. एखाद्या पुस्तकात बुडून गेल्यावर कोणी हाक मारली तर कशी लांबून आल्यासारखी वाटते, साधारण तसं. डोळे मिटून आधी श्वास, मग एकेक अवयव सैल सोडायचा, मग पोटावर हात ठेवून तिथे ऊब पसरतेय अशी कल्पना करायची. पहिल्या दोन-तीन वेळा मला काहीच वाटलं नाही, उगाच आले असं झालं. खरा फरक पडला तो घरी रोज रेकॉर्डिंग ऐकून. त्रास पूर्ण गेलेला नाही, पण आता घराबाहेर पडताना धास्ती नसते.

मोकळं आकाश:
मी समुपदेशन करते म्हणून कळकळीने लिहितेय, पूर्वजन्मवाल्यांकडे जाऊ नका. संमोहनात आठवलेलं जास्त खरं असतं असं नाही, उलट सुचवण्यातून खोट्या आठवणी तयार होऊ शकतात आणि आपल्याला त्या शंभर टक्के खऱ्या वाटतात. त्यातून नाती तुटलेली आहेत लोकांची. गॅरंटी देणाऱ्यापासूनही लांबच राहा, कारण प्रत्येकाची संमोहित होण्याची क्षमता वेगळी असते. ती मोजायला स्टॅनफर्डमध्ये १९५९ साली मोजपट्टीही तयार झाली. काही जण चटकन खोल जातात, काही जण जवळपास नाहीच, बहुतेक मधले. त्यात मनाचा दुबळेपणा वगैरे काही नसतो.

तुम्ही सांगताय त्या भीतीवर सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी उपचारपद्धती) हा आधी करायचा उपाय, संमोहन त्याच्या जोडीला. म्हणून असा मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ शोधा जो संमोहन न वापरताही तुमच्यावर उपचार करू शकेल. सैल झालेल्या अवस्थेत मीटिंगचा प्रसंग मनात हळूहळू उभा करायचा, आवाज निघतोय हे अनुभवायचं आणि मग प्रत्यक्षात एक छोटं वाक्य बोलून बघायचं. हे शेवटचं टाळू नका, नुसतं डोळे मिटून पडल्याने भीती जात नाही. आणि भास होणं, संशयाचे झटके असं काही कधी झालं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, अशा वेळी संमोहन सहसा टाळतात.

धागाकर्ती:
दोघींचे मनापासून आभार, वाचताना डोळे भरून आले. त्या माणसाची अपॉइंटमेंट कॅन्सल केली आत्ताच, मेसेज करून (फोन करायचं धाडस नाही झालं). निळाई, ते हाक लांबून आल्यासारखं वाचून भीती बरीच कमी झाली.

अजून एकच विचारते. अनोळखी माणसासमोर डोळे मिटून बसायचं म्हटलं तरी मला आत्ताच घाम फुटतोय, तर पहिल्या एक-दोन वेळा बहिणीला बरोबर खोलीत बसवलं तर चालतं का? की तसं विचारलेलं बरं दिसत नाही?