घरात दोन कुत्री असताना तिसरा ‘अवघड’ कुत्रा आणावा का?

सिंहगडरोडकर:
माझं मत आधीच सांगते, आणावा. आमच्याकडे राणी (लॅब, वय ९) आणि चिंगी (इंडी म्हणजे आपली देशी, वय ४). जानेवारीत बाळ्या आणला. दोन वर्षांचा गावठी, ढाब्यामागे आखूड साखळीवर वाढलेला, मानेभोवती केस गेलेला पट्टा अजून दिसतो, दोन घरांनी परत केलेला. पाचव्या दिवशी राणी त्याची रिकामी वाटी चाटायला गेली आणि ह्याने तिचा कान फाडला. तीन टाके. सगळे म्हणाले परत दे. नाही दिला, कारण पाचव्या दिवशी वाटी जमिनीवर राहिली ही चूक माझी होती, त्याची नव्हती.

मग पहिल्यापासून सुरुवात केली. हॉलच्या दाराला गेट. दोन आठवडे कोणी कोणाच्या समोर नाही, फक्त एकमेकांच्या चादरी बदलायच्या म्हणजे वास ओळखीचा होतो. मग फिरायला एकत्र, पण मी रस्त्याच्या ह्या कडेने, नवरा त्या कडेने, अंतर कमी करायला महिना लागला. जेवण वेगळ्या खोल्यांत, दार बंद, संपलं की वाट्या उचलायच्या. वाटीसाठीचं ट्रेनिंग असं, की तो खात असताना मी लांबून, म्हणजे जिथून त्याचं अंग ताठ होत नाही तिथून, उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकायचा आणि न थांबता पुढे जायचं. रोज. आता मी जवळ गेले की तो वाटी सोडून माझ्या हाताकडे बघतो. ज्यांना कुठेच जागा नाही त्यांना अनुभवी घरांनीच घ्यायचं नाही तर कोणी घ्यायचं?

गोदाकाठ:
ताई, मेहनत दिसतेय, पण मत नाही पटलं. तुम्ही बाळ्याबद्दल सगळं लिहिलंत, राणीबद्दल फक्त टाके. आमची म्हातारी ११ वर्षांची होती तेव्हा आम्ही असाच एक आणला. चार महिने एकही भांडण नाही, आम्ही खूश, जमलं म्हणून. ती वॉशिंग मशीनमागे झोपायला लागली होती. पाणीसुद्धा आम्ही वाटी तिथे नेली तरच प्यायची. भांडण होत नव्हतं कारण तिने घर सोडून दिलं होतं. शेवटी नव्याला दुसरं कुत्रं नसलेल्या घरी दिलं, तिथे तो मजेत आहे. लोकांनी नावं ठेवली, ठेवू देत. माझ्या मते आधीच्यांचा हक्क पहिला, आणि म्हातारं कुत्रं असेल तर आणूच नये.

फार्महाऊसवाले_काका:
एवढं चिकन कशाला? बॉस कोण ते पहिल्या दिवशी कळलं पाहिजे. गुरगुरला की पाठीवर पाडून धरायचा, दोनदा केलं की सरळ. आमचा अल्सेशियन असाच सुधारला.

दोन_पट्टे:
काका, हे बॉसचं प्रकरण मुळात लांडग्यांवरून आलंय. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल ह्या प्राणी-अभ्यासकाने स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर ते लिहिलं. लांडग्यांचा अभ्यासक डेव्हिड मेकने १९७० च्या पुस्तकातून ते सगळीकडे पोचवलं, आणि १९९९ मध्ये त्यानेच लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, बॉसगिरीसाठी मारामारी तिथे जवळजवळ नसतेच. आणि गुरगुरणं ही सूचना आहे हो. ती मारून बंद केली की पुढच्या वेळी सूचना न देता थेट दात. सिंहगडरोडकर, एक विचारायचं होतं, बाळ्याची तपासणी झाली का? कान, दात, सांधे, गोचीड ताप. दुखणाऱ्या कुत्र्याला कितीही ट्रेनिंग द्या, चिडचिड जात नाही.

फार्महाऊसवाले_काका:
लांडग्यांचं माहीत नव्हतं. पण घरात लहान मूल असेल तर ही महिनोन्‌महिन्यांची पद्धत परवडेल का, ते सांगा.

सिंहगडरोडकर:
@काका, नाही परवडणार. आमच्याकडे लहान मूल असतं तर मी बाळ्याला आणलंच नसतं, इथे तुमच्याशी सहमत.
@दोन_पट्टे, रक्त तपासलं, ठीक आहे. दाढ किडलेली निघाली, ती काढली.
@गोदाकाठ, तुमचं वॉशिंग मशीनमागचं वाचलं आणि उठून बघायला गेले. राणी मागच्या बाल्कनीत होती. तिची जागा हॉलमध्ये पंख्याखाली, नऊ वर्षं तिथेच झोपते. मे महिना आहे, फरशी गार लागत असेल म्हणून तिकडे जात असेल असं मी धरून चालले होते, पण बाल्कनीत तर दुपारभर ऊन असतं. दोन तास तिच्याशेजारी बसून होते. आत बाळ्याने नुसती कूस बदलली तरी हिचे कान मागे जात होते. मला हे चार महिने दिसलं नाही.

आजपासून संध्याकाळी ६ ते ९ हॉल फक्त राणीचा, बाळ्या बेडरूममध्ये दार लावून, सोबत नवरा. गणपतीपर्यंत ती पंख्याखाली परत आली नाही तर बाळ्यासाठी दुसरं कुत्रं नसलेलं घर मीच शोधेन. अवघड कुत्रा आणावा, हे मत अजून आहे. म्हातारं कुत्रं असलेल्या घरात आणावा का, ह्याबद्दल आज खात्री नाही.

गोदाकाठ:
ती रोज कुठे झोपते ते वहीत लिहा, वेळेसकट. आम्ही लिहिलं नाही म्हणून चार महिने गेले. आणि पंख्याखाली तिची जुनी चादर टाका, न धुतलेली.

सिंहगडरोडकर:
टाकली. पावणेनऊला येऊन वास घेऊन गेली, बसली नाही.