परमिशनला काय म्हणावं: परवानगी, मुभा की वहिवाट?

दांडियाबाजारकर: आमच्या मंडळाच्या संकेतस्थळाचा सर्व्हर मी सांभाळतो. गणपतीचे फोटो चढवले, पण उघडायला गेलं की 403, म्हणजे 'पाहायला मनाई'. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. फाइलशी कोणी काय करायचं ते ठरवणारा आकडा, म्हणजे परमिशन, 644 होता: वाचायला सगळ्यांना मोकळीक. घोळ निघाला वरच्या फोल्डरमध्ये, तिथे 700, म्हणजे मालकाशिवाय सगळ्यांना बंद. आता पुढच्या कार्यकर्त्यांसाठी मराठीत टिपण लिहितोय आणि 'परमिशन'पाशी अडलोय. 'परवानगी' चालेल?

रावपुरा: परवानगी मागावी लागते, मग कोणीतरी ती देतं. सर्व्हर कोणाला विचारायला जात नाही, आधी ठरलेलं पाहतो. मला 'मुभा' बरा वाटतो. मूळ अरबी 'मुबाह', म्हणजे ज्याला मनाई नाही ते. वाचायची मुभा 4, लिहायची 2, चालवायची 1. तीन आकडे ओळीने मालक, त्याचा गट आणि इतर यांचे; मालकाला 6 म्हणजे वाचा आणि लिहा. बडोद्यात गुजरातीच्या संगतीने 'रजा'ही कानावर येतो, पण तो टिपणात नको. पुण्याचा वाचक सुट्टी समजेल.

सुरसागर: काका, मुभा पटला. पण फोल्डरवरच्या 1 चं काय? तिथे चालवायचं काहीच नसतं. तो आकडा फोल्डरमधून पुढे जाऊ देतो. जमिनीच्या कागदांत याला शब्द आहे: वहिवाट. शेत तुमचं, पण शेजाऱ्याच्या बांधावरून जाता येत नसेल तर पोचणार कसे? दादांचं हेच झालं. वेब सर्व्हर मालकाच्या नाही, वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, 700 मध्ये त्याला वाटच नव्हती. 711 दिलं तरी वाट मिळते, फक्त आतली यादी दिसत नाही.

रावपुरा: शब्द सुरेख आहे, पण वहिवाट वर्षानुवर्षांच्या वापराने पक्की होते. इथे मालक एका आज्ञेत ती काढून घेतो. 'वाटेची मुभा' म्हणूया. सयाजीरावांच्या बडोद्यात 1931 साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश निघाला होता. आपणही शब्द नीट पारखून घेऊ.

सुरसागर: मान्य. टिपणात आणखी एक हवंच: फाइल पुसता येणं हे फाइलच्या नाही, फोल्डरच्या लिहायच्या मुभेवर ठरतं, कारण नावं फोल्डरमध्ये नोंदलेली असतात. आणि कंटाळून 777, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, देऊ नका, कृपा करून. एसएसएच म्हणजे सर्व्हरवर दुरून सुरक्षितपणे शिरायची सोय; तिची खाजगी किल्ली, म्हणजे ओळख पटवणारी फाइल, इतरांना वाचता येत असेल, तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं. तिला 600.

दांडियाबाजारकर: पहिली ओळ लिहिली: 'फाइल उघडत नसेल तर मुळापासून प्रत्येक फोल्डरला वाटेची मुभा आहे का पाहा, मग फाइलचे आकडे तपासा.'