यहुदी-इटालियनचे जुने लेखन : सुरुवात कुठून करावी?

साष्टीकर : नमस्कार. फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'मुळे (१६१६), म्हणजे रोमन लिपीत छापलेल्या मराठीमुळे, भाषा एक आणि लिपी दुसरी अशा लेखनाची मला गोडी लागली आणि त्यातून हिब्रू अक्षरांत लिहिलेल्या इटालियनपर्यंत मी येऊन पोहोचलो. हिला स्वतंत्र भाषा मानावी काय? तिचे सर्वांत जुने नमुने कोणते, आणि आधी हिब्रू शिकावी की इटालियन?

फोंडेकर : सलग मजकुराच्या अपेक्षेने गेलात तर हिरमोड होईल, कारण आरंभीचे लेखन म्हणजे बहुतांशी टिपा आहेत. इटलीतील पार्मा येथे जपलेल्या, अकराव्या शतकातील मिश्नाच्या (यहुदी धर्मनियमांच्या प्राचीन हिब्रू संहितेच्या) हस्तलिखितात अवघड हिब्रू शब्दांचे अर्थ दक्षिण इटलीतील सालेंतोच्या बोलीत, पण हिब्रू अक्षरांत दिलेले आहेत. त्यांतल्या पुष्कळशा टिपा 'झेराईम' या शेतीविषयक विभागावर असल्यामुळे पिके, झाडपाला आणि शेतकामाचे शब्द तिथे भरपूर सापडतात. शिकवताना गुरूने बोलीत अर्थ सांगितला आणि कुणीतरी तो टिपून ठेवला, असे त्या वाचताना वाटते; अर्थात हा माझा तर्क. रोमच्या नातान बेन येहिएल यांनी ११०१च्या सुमारास पूर्ण केलेल्या 'आरूख' या कोशातही इटालियन शब्द येतात.

सलग रचना हवी असेल तर तेराव्या शतकातील शोकगीत पाहावे. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक हिब्रू आव महिन्याच्या नवमीला पाळतात, त्या दिवसासाठी ते रचलेले असून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या भावाबहिणीची कथा त्यात आहे. पहिलीच ओळ 'ला येन्ति दे सिओन प्लांजे ए लुत्ता' (सियोनचे लोक रडतात आणि शोक करतात) अशी आहे. पाठ्यपुस्तकी इटालियनमध्ये 'प्लांजे' हे क्रियापद 'प्यांजे' होते, इथे मात्र लॅटिनमधला 'प्ल' तसाच टिकला आहे. त्यामुळे आधी इटालियन शिकाच, पण फ्लोरेन्सच्या वळणाच्या इटालियनवर न थांबता मध्य आणि दक्षिण इटलीच्या बोलींची ओळख करून घ्यावी.

डिचोलीचा वाचक : स्वतंत्र भाषा म्हणण्याबाबत मी थोडा हात आखडता घेईन. सालेंतोच्या टिपा त्या प्रदेशाच्या बोलीतल्या आहेत; त्यांना आणि लिव्होर्नोच्या यहुद्यांच्या कितीतरी अलीकडच्या 'बाजित्तो' बोलीला एकाच नावाखाली कोंबले की अभ्यास भरकटतो. बायबल आणि प्रार्थनांची भाषांतरे हा निराळा प्रकार आहे, कारण त्यांत हिब्रू वाक्यरचनेमागून शब्दाला शब्द ठेवत जाण्याची पद्धत दिसते. उंबेर्तो कास्सुतो या अभ्यासकांनी या भाषांतरांमागे एक सामाईक लेखनभाषा मानली होती, आणि 'भाषा' हा शब्द वापरायचाच तर तो तिथे अधिक शोभतो.

लिपीचे म्हणाल तर अक्षरे लवकर येतात, वाचन येत नाही. 'वाव' हे एकच अक्षर व, ओ आणि उ या तिघांसाठी येते, तर 'पे' हे प आणि फ दोन्हींसाठी. स्वरचिन्हे नसतील तिथे बोली माहीत असल्याशिवाय शब्द लागत नाही.

साष्टीकर : आभारी आहे. मग पहिला मजकूर कोणता घ्यावा?

फोंडेकर : इटलीतील फानो येथे सोन्चिनो या मुद्रकांनी १५०६मध्ये छापलेला यहुदी-इटालियन प्रार्थनासंग्रह घ्यावा. छापील अक्षरे हस्तलिखितापेक्षा सोपी जातात, आणि मूळ हिब्रू प्रार्थना उपलब्ध असल्यामुळे प्रत्येक ओळीचा आपण लावलेला अर्थ ताडून पाहता येतो. पार्माच्या टिपांकडे त्यानंतर वळावे.