साथीच्या काळात मैदानात बघितलेली (किंवा हुकलेली) मॅच

कोरोनाच्या दिवसांत कुणाची तिकिटं रद्द झाली, कुणाला अर्ध्या रिकाम्या स्टेडियममध्ये ऐसपैस जागा मिळाली. टीव्हीवर काय दिसलं ते सगळ्यांना माहीत आहे, तुम्ही कुठे होतात ते लिहा. सुरुवात मीच करतो.

डिसेंबर 2021, वानखेडे, न्यूझीलंडविरुद्धची कसोटी. प्रेक्षक फक्त 25 टक्के. गेटवर तिकिटाआधी दोन डोसचं सर्टिफिकेट. पुढच्या काकांचा मोबाइल नेमका तिथेच बंद पडला. एकानं पॉवर बँक दिली, तीही दोन हात लांबून. आत न्यूझीलंडचा फिरकीपटू एजाज पटेल आपला एकेक गडी टिपत होता. सात-आठ झाल्यावर आम्ही चक्क आपल्याच विकेटवर टाळ्या पिटायला लागलो. पोरगा जन्मानं मुंबईचा ना! सिराज गेला आणि दहा पूर्ण. लेकर, कुंबळे आणि हा. कसोटीत एका डावात दहा घेणारे एवढेच. भरलेल्या वानखेडेत कान बसले असते. पण त्या दिवशी मला त्याचं प्रत्येक अपील ऐकू आलं, ते भरलेल्या स्टेडियममध्ये कुठलं यायला!

मडगावची मुलगी
आमचं घर फातोर्डा स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर. एरवी गोलचा गलका आधी बाल्कनीत येतो, टीव्हीवर गोल मागाहून. एप्रिल 2021मध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळला. इथवर पोचलेला पहिला भारतीय क्लब, सामने आमच्याच दारात आणि प्रेक्षकांना बंदी. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध आमच्या एदू बेदियानं हेडरनं गोल केला. मी किंचाळले. बाहेर चिडीचूप, फक्त फ्लडलाइटचा उजेड. शेवटी हरलोच, 2-1.

बडोदेकर
मार्च 2021, अहमदाबाद. इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या दोन टी-20ला निम्मं स्टेडियम प्रेक्षकांना खुलं. माझं तिकीट तिसरीचं. आदल्या रात्री प्रेक्षक बंद. पैसे मिळाले हो परत, पण बायकोचं हसू अजून थांबलेलं नाही.

यारा नदीकाठी
मेलबर्न, 2020ची बॉक्सिंग डे कसोटी. लाखभर लोक मावतात तिथे रोज 30,000ची मर्यादा, मधल्या खुर्च्या रिकाम्या. दुसऱ्या दिवशी आपल्या अजिंक्य रहाणेनं शतक ठोकलं आणि मराठीत ओरडायला मोकळं रान मिळालं. काही दिवसांनी बातमी आली की त्याच दिवशी मैदानात आलेला एक प्रेक्षक बाधित निघाला. ग्रेट सदर्न स्टँडच्या एका झोनमधल्यांनी चाचणी करा, निकाल येईपर्यंत घरात बसा. मी तिकीट काढून तीनदा वाचलं. झोन दुसरा होता. तरी चाचणी केलीच.

कृष्णाकाठचा
सातारा, एप्रिल 2022. पाडव्याला निर्बंध उठले आणि पाठोपाठ महाराष्ट्र केसरी. आमचे तात्या दोन वर्षं उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. नातवालाही लांबूनच बघायचे. म्हणाले, 'चल, कुस्ती टीव्हीवर बघायची गोष्ट न्हवं.' मास्क होता, पण हनुवटीवर. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं गदा जिंकली, 21 वर्षांनी गदा तिकडे गेली, आणि शेजारचा अनोळखी गडी तात्यांच्या गळ्यातच पडला. तात्यांनीही त्याला कवटाळलं. घरी आल्यावर आधी कडकडीत पाण्यानं आंघोळ केली, मग नातवाला हाक मारली.