नळ, मोरी आणि कपाट : तुमच्या घरात काय टिकलं ते लिहा

दादर, धागा काढणारी
मुंबईत नळ आणि कपाट हे दोन वेगळे विषय नाहीत. कपाट ठेवण्याजोगी एकच लांब भिंत घरात असते आणि तिच्या पलीकडे हमखास बाथरूम. आतला पाइप झिरपला की पहिली खबर लागते ती कपाटातल्या तळच्या साड्यांना. म्हणून दोन्ही एकाच धाग्यात. काय बिघडलं, काय केलं, त्यातलं काय टिकलं ते सविस्तर लिहा. 'वॉटरप्रूफिंग करून मिळेल' छापाचे प्रतिसाद आणि फोन नंबर कृपया नकोत.

लालबाग, चाळ
आमच्याकडे पाणी पहाटे. भातसा, तानसा भरून वाहू देत, नळ आपल्या ठरल्या वेळेलाच सुटणार आणि ठरल्या वेळेला जाणार. पूर्वी कुणीतरी उठून पिंपाशी बसायचं. आता पिंपाला बॉल कॉक, म्हणजे पाणी भरलं की नळ आपोआप बंद करणारा तरंगता गोळा, बसवलाय. त्याचा दांडा थोडा खाली वाकवून घ्यायचा, म्हणजे पाणी काठाच्या चार बोटं खालीच थांबतं. शिवाय वरच्या बाजूला एक नळी काढून मोरीत सोडली आहे. बॉल अडकला तरी पाणी खोलीत येत नाही. काही लोक सरळ लाइनलाच मोटर लावतात. ते पालिकेच्या नियमात बसत नाही, आणि शेजारच्या खोलीचा नळ कोरडा पडतो ते वेगळंच. यावरून आमच्या मजल्यावर झालेली भांडणं लिहायला दुसरा धागा लागेल.
मोरीवरच्या माळ्याचं म्हणाल तर तिथे फक्त पितळ, स्टील आणि प्लास्टिक. आंघोळीची वाफ थेट वर जाते. कागद, गोधड्या, फोटो तिथे ठेवायचेच नाहीत.

मुलुंड, शेवटचा मजला
प्रेशर नाही म्हटलं की सोसायटीत कुणीतरी 'मोठी टाकी बसवा' म्हणतंच. टाकी मोठी केल्याने दाब वाढत नाही हो! टाकीतलं पाणी नळापेक्षा किती उंचावर आहे, एवढंच मोजायचं. दहा मीटरला साधारण एक बार (बार म्हणजे दाब मोजायचं एकक). आमच्या डोक्यावर टाकी जेमतेम तीन मीटर, म्हणजे दाब ०.३ बार. खालच्या मजल्यांची चैन असते.
पण पंप घेण्याआधी दोन गोष्टी पाहा. नळाच्या तोंडाची जाळी काढा, निम्म्या वेळा तिच्यातच वाळू आणि गंज अडकलेला असतो. दुसरं म्हणजे जुना जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा पाइप. आमचा कापला तेव्हा तो तुकडा डोळ्याला लावून पाहिला. नावाला अर्ध्या इंचाचा पाइप, आतून गंजाचे थर आणि पलीकडचा उजेड पेन्सिल जाईल एवढा. सीपीव्हीसीचा, म्हणजे न गंजणारा प्लास्टिकचा पाइप टाकल्यावर बेसिनचा प्रश्न सुटला. शॉवरसाठी मात्र शेवटी गच्चीवर, टाकीतून निघणाऱ्या आमच्या लाइनवर, कमिटीच्या परवानगीने छोटा पंप बसवावाच लागला.

चेंबूर
एकच सूचना. गच्चीवर प्रत्येक फ्लॅटचा व्हॉल्व्ह असतो. आपला कुठला ते आजच पाहून त्यावर ऑइलपेंटने नंबर लिहा, आणि अधूनमधून फिरवत राहा, नाहीतर तो जाम होतो. बेसिनखालची जोडनळी फुटते ती रात्रीच, आणि त्या वेळी गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते.

बोरिवली
खालच्या काकांच्या बाथरूमचं छत ओलं, आणि बोट अर्थात आमच्याकडे. तोडफोड करण्याआधी निरीक्षण करा. रात्रंदिवस सारखं ठिबकत असेल तर नळाची लाइन. आंघोळीनंतर वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (मोरीच्या जाळीखालचं, थोडं पाणी धरून ठेवणारं भांडं) किंवा सांडपाण्याचा पाइप. पावसाळ्यातच दिसत असेल तर बाहेरची भिंत. आम्ही सांडपाण्याच्या जाळीत बादलीभर निळीचं पाणी ओतलं. संध्याकाळी काकांच्या छतावर निळा डाग उमटला आणि वाद संपला. फक्त ट्रॅपभोवतीच्या चार लाद्या काढाव्या लागल्या. फ्लश टाकी गळते का पाहायलाही हीच युक्ती : टाकीत नीळ टाका, फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलंय.
खर्चाचं : आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅटच्या आतल्या नळ-संडासाची गळती सभासदाची, गच्ची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची सोसायटीची. मीटिंगला जाताना उपविधींची प्रत हातात असू द्या, आवाज कमी चढवावा लागतो.

गिरगाव
मे महिन्यात गावाला जाऊन आलं की बाथरूमला वास येतो ना, तो ट्रॅपमधलं पाणी आटल्यामुळे. ते पाणीच गटारातली हवा आणि झुरळं अडवतं. दोन तांबे ओतले की झालं, फिनेल ओतायची गरज नाही.
आता साड्या. जरीला डांबर गोळीचा स्पर्श नको. प्रत्येक साडी जुन्या सुती धोतरात गुंडाळायची, गोळ्या कपाटाच्या कोपऱ्यात वेगळ्या पुरचुंडीत ठेवायच्या आणि दर पावसाळ्यानंतर घडी मोडून वेगळ्या रेषेवर घालायची. जिथे कायम घडी, तिथेच जर तुटते. श्रावणात ऊन मिळालं की कपाट सताड उघडं. वाटीत कळीचा चुना ठेवला तर दमट हवा ओढून घेतो, पण वाटी अर्धीच भरा, चुना फुगतो. लहान मुलं असतील तर चुना नकोच.

अंधेरी
गिरगावच्या काकू, आमच्याकडे बाथरूमच्या भिंतीची गळती नुकतीच दुरुस्त झाली. त्याच भिंतीला लागून कपाट करायचंय, सुतार उद्याच सुरुवात करतो म्हणतोय. करू का?

मुलुंड, शेवटचा मजला
काकूंच्या आधी मीच सांगतो. गळती थांबली तरी भिंतीत मुरलेलं पाणी सुकायला महिने लागतात. फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल अजून आत आहे. खोलीकडच्या बाजूला दिसले तर हवेतली. कोरडं निघाल्यावरच प्लाय मागवा, तोही आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा मरीन, म्हणजे ओलीला टिकणारा, मागे दोन बोटं मोकळी आणि खाली पाय. तोवर सुताराला स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या करू द्या.