बीएनंतर राज्यशास्त्रात एमए: करावं की दोन वर्षं वाचवावीत?

डिचोलीची: यंदा बीए झालं. ताळगावला गोवा विद्यापीठात राज्यशास्त्रात एमए करायचं म्हणतेय आणि त्यावरून घरात रोज वाजतंय. मामा म्हणतात, राजकारण शिकायला विद्यापीठ कशाला, पर्वरीला विधानसभेच्या गॅलरीत जाऊन बस. मला हे पटत नाही. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. तिठ्यावर जो तो विचारत होता, किती घेतले असतील? दहाच का गेले, हे कोणी विचारलं नाही. पक्षांतरबंदी कायद्यातून सुटायला दोन तृतीयांश आमदार लागतात, आणि १५ चे दोन तृतीयांश १०. एक जरी मागे राहिला असता तरी बाकीच्यांची आमदारकी धोक्यात होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ गेले, तोही हाच हिशेब. विरोधात लिहायचं तर जरूर लिहा, फक्त ‘स्कोप नाही’ एवढंच म्हणून पळू नका.

वाळपईचा बाबल: पळत नाही, बसूनच लिहितो. बाय, हा हिशेब पेपर वाचणाऱ्यालाही कळतो, एका दुपारचं काम. त्यासाठी दोन वर्षं कदंबा बसचे धक्के खायचे? पुढचं बघ. हायर सेकंडरीत शिकवायचं तर एमएवर बीएड हवंच. कॉलेजात जायचं तर नेट, सेट या पात्रता परीक्षा नाहीतर पीएचडी. तोवर लेक्चर बेसिसवर, म्हणजे जितके तास घ्याल तितके पैसे, आणि मे महिन्यात हात हलवत घरी. माझ्या ओळखीचे दोघे अजून तिथेच आहेत. एलडीसीच्या, म्हणजे कनिष्ठ कारकुनाच्या, परीक्षेला बारावीवाला आणि एमएवाला एकाच रांगेत.

मडगावची टीचर: बाबल, नोकरीचं तुमचं सगळं खरं आहे, मी त्याच वाटेने आलेय. पण ‘एका दुपारचं काम’ हे मानणार नाही. मूळ पक्ष विलीन झालेला नसताना नुसता विधिमंडळ गट विलीन झाला तर चालतं का, हा त्यातला खरा वाद. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने चालतं असा निकाल दिला. पक्षांतरबंदी कायदा म्हणजे राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट, त्याचा चौथा परिच्छेद वाचा आणि मग सांगा तुम्हाला तो पटला का. माझ्या वर्गात यावर आठवडा जातो, तरी पोरं भांडतच असतात.

साळचा पंच: आमच्याकडे एक एमए झालेला आहे. रविवारच्या ग्रामसभेत सगळ्यात मोठा आवाज त्याचाच, इतिवृत्तात मात्र एक ओळ नसते.

फोंड्याहून पुण्याला: करायचंच तर बाहेर जाऊन करा. सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्या, जेएनयू बघा, हैदराबाद बघा. गोव्यात राहून गोव्याबद्दलच वाचत बसलात तर यूपीएससीत काय लिहिणार? मुख्य परीक्षेच्या १७५० पैकी ५०० गुण वैकल्पिक विषयाचे असतात. त्यात राजकीय विचारवंत आणि आंतरराष्ट्रीय संबंध लागतात, गोव्यातली गावकीची कोमुनिदाद नव्हे.

डिचोलीची: यूपीएससीचं मी कुठे म्हटलं? एमए म्हटलं की प्रत्येकाला कलेक्टरच का दिसतो! मला १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलावर काम करायचंय. गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. विलीनीकरणाच्या बाजूने ‘गोमन्तक’, विरोधात ‘राष्ट्रमत’, आणि दोन्ही दैनिकं मराठीच. महाराष्ट्रात जाऊ नका हे लोकांना मराठीतून पटवलं गेलं! दिल्लीच्या प्राध्यापकाला ते अग्रलेख कोणीतरी इंग्रजीत करून द्यावे लागतील, मला लागणार नाहीत.

मडगावची टीचर: हे धरून ठेव. पण प्रबंध बहुधा इंग्रजीत लिहावा लागेल, त्याची तयारी आत्तापासून कर. आमच्याकडे मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं तिथेच अडतात. आणि एमएला ५५ टक्क्यांच्या खाली येऊ नकोस, खुल्या गटाला नेटसाठी तेवढे लागतात.

वाळपईचा बाबल: नेट निघालं नाही तर?

डिचोलीची: तर बीएड. बाबांशी तेवढं ठरलंय.

वाळपईचा बाबल: म्हणजे शेवटी बीएडच! आणि जुने अंक वाचायला एमए कशाला? पणजीला पाटोवर मध्यवर्ती ग्रंथालय आहे, कोणीही जाऊन वाचेल.

डिचोलीची: मग या शनिवारी, बाबलदादा. डिसेंबर १९६६ पासून सुरू करू, कौलाआधी तेव्हाचे मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला तिथपासून. दोन्ही पेपर समोरासमोर ठेवून बघू, दुपार पुरते का.