दापोली ते रत्नागिरी, भाड्याच्या ई-सायकलवर: बॅटरी पुरेल का?

मुक्काम_पोस्ट:
डिसेंबरमध्ये आम्ही दोघी बहिणी किनाऱ्याने दापोली ते रत्नागिरी जायचं म्हणतोय. पुण्यात आठवड्याच्या भाड्याने ई-सायकली मिळताहेत, त्या कारच्या मागच्या रॅकवर लावून दापोलीपर्यंत न्यायच्या. बॅटरी ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर, मागच्या चाकात २५० वॉटची मोटर, ७ गिअर, दोन्हीकडे डिस्क ब्रेक. दुकानदार ‘एका चार्जमध्ये ६० किमी’ सांगतो.

आराखडा असा: पहिला दिवस दापोली–दाभोळ–फेरीबोट–धोपावे–गुहागर. दुसरा दिवस गुहागर–हेदवी–तवसाळ–फेरीबोट–जयगड–गणपतीपुळे. तिसरा दिवस आरे-वारेवरून रत्नागिरी. तिथून छोटा टेम्पो ठरवून सायकलींसह परत दापोलीला.

नकाशावर रोजचे २५ ते ६० किमीच दिसतात. एवढं जमेल ना? पंक्चर, चार्जिंग, उतार याबद्दलही सांगा. सायकलची सवय आहे, ई-सायकलची नाही.

चिरेबंदी:
६० किमी हा आकडा सपाट रस्ता, हलका माणूस आणि सतत पेडल मारणं धरून काढलेला असतो. तुमच्या वाटेवर सपाट असं फारसं नाहीच. आमच्याकडे गाव खाली खाडीकाठी किंवा पुळणीला आणि वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार. एका गावातून निघालात की सड्यावर चढायचं, दोन-चार किमी वरून जायचं आणि पुढच्या गावासाठी पुन्हा समुद्रसपाटीला उतरायचं. म्हणून इथे किमीपेक्षा खाड्या मोजा.

गणित सोपं आहे. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ११० किलो धरा. १०० मीटर चढायला चाकाशी साधारण ३० वॉट-अवर लागतात. निम्मा जोर तुमच्या पायांनी लावलात तर मोटरचे नुकसान धरून बॅटरीतून २० ते २२ वॉट-अवर जातात. पाय न हलवता नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे स्कूटरसारखी मूठ पिळून, चढलात तर ४५-५०. सड्यावरच्या वरखाली रस्त्याला किमीमागे ६-७ वॉट-अवर. उताराला शून्य.

तुमची बॅटरी ३६० वॉट-अवरची. भाड्याची, म्हणजे बरीच वापरलेली, तेव्हा हाताशी ३०० धरा. आता उदाहरण म्हणून गुहागर ते हेदवी जाऊन-येऊन बघा. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी असे जाताना तीन चढ आणि येताना तीन. प्रत्येकी १०० मीटर धरले तर ६०० मीटरला १३० वॉट-अवर, शिवाय वरखाली रस्त्याचे, पेडल-असिस्टवर (पेडल मारताना मोटरची साथ) ३० किमी म्हणजे सुमारे २०० वॉट-अवर. बेरीज ३३०. म्हणजे पुरत नाही, पण थोडक्यात. हेदवीत जेवणाच्या वेळी दोन तास चार्जिंग केलं की प्रश्न मिटतो.

तुमचा दुसरा दिवस मात्र ६० किमीच्या घरात जातो, त्यात तवसाळला खाली उतरणं, जयगडला खालून वर येणं आणि मध्ये फेरीबोटीची वाट बघणं. तो दिवस मोडा. हेदवी किंवा वेळणेश्वरला मुक्काम करा, तीनाचे चार दिवस होऊ देत.

माझं स्पष्ट मत विचाराल तर पूर्ण सरळ रेषा करूच नका. गुहागरला तीन रात्री ठोका. एक दिवस उत्तरेला अंजनवेल: गोपाळगड, टाळकेश्वर, दीपगृह, सगळं सड्याच्या टोकाशी, मग खाली धोपावे जेट्टी, पलीकडे दाभोळची जुनी मशीद बघून परत. दुसरा दिवस दक्षिणेला हेदवी. सामान खोलीवर राहतं, म्हणजे आठ-दहा किलो कमी, आणि रात्रीचं चार्जिंग खात्रीचं. टेम्पोचे पैसेही वाचतात. आरे-वारेसाठी वेगळी खेप करा. तो २५ किमीचा तुकडा एका पूर्ण सकाळीचा ऐवज आहे. टेकाडाच्या सोंडेवरून दोन्ही बाजूंच्या पुळणी दिसतात आणि तिथले चढ लांबीला कमी असले तरी चांगलेच खडे आहेत.

मुक्काम_पोस्ट:
हे गणित कुणी आधी सांगितलं नव्हतं. उताराला बॅटरी परत भरते असं दुकानदार म्हणाला, ते धरायचं नाही का?

अठरानंबरपाना:
नाही. तुमच्या चाकात गिअरवाली हब मोटर असणार. पेडल थांबवलं की आत फ्रीव्हील सुटतो आणि मोटर फिरतच नाही, मग वीज कुठून येणार? तीच गोष्ट ब्रेकची. मोटर रोखत नाही, सगळा भार पॅडवर. २४ किलोची सायकल सड्यावरून खाली येताना साध्या सायकलच्या सवयीने हलका ब्रेक सतत दाबून ठेवला तर पॅड तापून गुळगुळीत होतात आणि मग कितीही दाबा, नुसतं किंचाळतात. वळणाआधी दोन्ही ब्रेक एकदम घट्ट, वेग खाली, मग पूर्ण सोडून द्या. डिस्कला दोन श्वास मिळू देत. पॅडचा थर १ मिमीच्या खाली असेल तर दुकानातच बदलून घ्या. जास्तीची एक जोडी खिशात असू द्या, पण ती तुमच्याच कॅलिपरच्या आकाराची. आकार वेगवेगळे असतात.

चढाचं तंत्र. चढ दिसायच्या आधीच गिअर सगळ्यात हलका करा. भार आल्यावर बदलायला गेलात तर साखळी कडकडते आणि मागचे दाते खाते. असिस्ट मधल्या पायरीवर. हब मोटर ताशी ८-१० किमीच्या खाली रेंगाळली की विजेची निम्मी उष्णता होते. चाकाचा हब हाताला चटका देण्याइतका तापला असेल तर सावलीत पंधरा-वीस मिनिटं थांबा. फारच खडा तुकडा आला तर उतरा आणि ‘वॉक मोड’ वापरा: बहुतेक डिस्प्लेवर वजाचं बटण दाबून धरलं की सायकल माणसाच्या चालीने स्वतः पुढे सरकते. यात कमीपणा काही नाही.

आता नवख्यांना हमखास फसवणारी गोष्ट. डिस्प्लेवर दोन दांड्या दिसत असतात आणि ऐन चढावर सायकल मरते. बॅटरी संपलेली नसते. ३६ व्होल्टचा पॅक भरलेला असताना ४२ दाखवतो आणि ३१ च्या आसपास कंट्रोलर वीज तोडतो. जुन्या पॅकवर चढाचा भार आला की व्होल्टेज तीन-चारने बसतं. उभं असताना ३५, चढावर ३१, खेळ खलास. स्विच बंद करा, पाच मिनिटं थांबा, असिस्ट एकवर आणून पायांनी जोर लावत चढा. वर पोचता.

हे पुण्यातच तपासायचं. सायकल ताब्यात घ्यायच्या आधी कात्रजच्या जुन्या घाटात एक फेरी मारा. चढावर दांड्या चारावरून दोनावर आल्या आणि थांबल्यावर पुन्हा चार झाल्या, तर पॅक थकलेला आहे, दुसरा मागा. हा दोष सपाटीवरच्या चाचणीत कधीच दिसत नाही.

अठरानंबरपाना (पुढे):
पंक्चरचं राहिलं. गावातला पंक्चरवाला ट्यूब चिकटवून देतो, पण मोटरचं चाक काढायला सहसा हात लावत नाही, आणि बरोबर करतो. शक्यतो चाक काढूच नका. सायकल आडवी करा, टायरची एक कड उचला, काटा जिथे शिरलाय तेवढीच ट्यूब बाहेर ओढा, घासा, सोल्यूशन लावा, पाच मिनिटं वाळू द्या, पॅच दाबा. दहात नऊ वेळा एवढ्यावर भागतं.

ट्यूब फाटलीच तर क्रम असा: स्विच बंद, बॅटरी बाहेर. साखळी सगळ्यात लहान दात्यांवर. मोटरच्या वायरचा गोल कनेक्टर सरळ ओढून काढायचा, पिळायचा नाही. आतल्या पिना वाकल्या तर सहल तिथेच संपली. त्यावर बाणाची खूण असते, लावताना बाणासमोर बाण. वायर बांधलेले प्लॅस्टिकचे पट्टे कापावे लागतात, म्हणून सहा नवे जवळ ठेवा. मग १८ नंबरचा पाना आणि दोन नट. नटाखाली जिभेचा वॉशर असतो, त्याची जीभ फ्रेमच्या खाचेत बसते. तोच आस फिरण्यापासून रोखतो. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. तो वॉशर उलटा बसवला तर पहिल्याच चढावर आस गरकन फिरतो आणि वायर पिळून तुटते.

दोन ट्यूब बरोबर घ्या, तुमच्या मापाच्या तिकडे मिळतीलच असं नाही. हवा ४० पीएसआयच्या आसपास. मागच्या चाकाचे आरे रोज सकाळी बोटांनी वाजवून बघा. एखादा ढिला, मेलेला आवाज देत असेल तर आवळा. वजन मागे असल्याने आरे मागचेच तुटतात.

खाडीकाठ:
फेरीबोट आणि खाऱ्या हवेबद्दल.

बोटीचं लोखंडी फळकूट जेट्टीवर टेकतं तिथे शेवाळ आणि पाणी असतं. सायकलवर बसून चढायचं नाही. स्विच बंद करून, उतरून ढकलत न्या. स्विच चालू राहिला आणि ढकलताना मूठ थ्रॉटलवर पडली की सायकल हातातून सुटून पुढच्या गाडीवर जाते. मोटारी आणि दुचाकी आधी लागतात, नंतर कडेला उभी करा, स्टँडवर विसंबू नका. दोघींनी दोन धरून उभं राहायचं. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी जेट्टीवरच विचारा, इंटरनेटवर जुनी वेळापत्रकं फिरत असतात. बोट चुकली तर खाडीला वळसा घालून जाणं तुमच्या बॅटरीच्या आवाक्यातलं नाही.

पुळणीवर सायकल घालू नका. ओली वाळू घट्ट दिसते, पण तिच्यातलं खारं पाणी डिस्कवर, साखळीत आणि ब्रेकच्या मुठीत जातं. मुठीत एक छोटा सेन्सर असतो, ब्रेक दाबला की मोटरची वीज तोडायला. त्यात वाळू अडकली की मूठ पूर्ण परत येत नाही आणि मोटर ‘मेली’ असं वाटतं. बॅटरी भरलेली, डिस्प्ले चालू, पण मोटर गप्प: पहिला संशय हाच. दोन्ही मुठी बाहेरच्या बाजूला ढकलून बघा. संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसा, साखळीला दोन थेंब तेल, डिस्कला तेलाचा हातही नको. पाइपचा जोरदार फवारा तर अजिबात नाही.

चार्जिंगची काळजी फार करू नका. चार्जरवर ४२ व्होल्ट २ अँपिअर लिहिलेलं असेल, म्हणजे एखाद्या पंख्याइतकीच वीज. पूर्ण बॅटरीला पाचेक तास आणि अर्धा युनिटही नाही. खाणावळीत जेवायला बसताना विचारलंत तर कोणी नाही म्हणत नाही, पण विचारायचं. उन्हात तापलेली बॅटरी लगेच लावू नका, अर्धा तास सावलीत निवू द्या. चार्जर घरी विसरला तर वाटेत मिळणार नाही. दोघींच्या चार्जरची पिन एकच आहे का हेही बघून ठेवा. बॅटरीच्या कुलपाची किल्ली हरवली तर ती काढताही येत नाही, तेव्हा दुसरी किल्ली दुसरीकडे.

सड्यावर सावली नाही, दुकान नाही. माणशी दोन-तीन लिटर पाणी. चिऱ्यांचे ट्रक आणि एसटी आंधळ्या वळणावर पूर्ण रस्ता घेऊन येतात. संध्याकाळी गुरं गरम डांबरावर बसलेली असतात. साडेपाचच्या आत मुक्काम गाठा.

चिरेबंदी:
एक कायद्याचं. २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किमीच्या आतला वेग असेल तर नोंदणी, लायसन्स काही लागत नाही. काही दुकानं वेगाची मर्यादा काढून देतात. तशी घेऊ नका. अपघात झाला तर ती सायकल राहत नाही, बिननंबराची मोटरसायकल होते. शिवाय वेगाने बॅटरी निम्म्यात संपते.

मुक्काम_पोस्ट:
ठरलं. गुहागरला तीन रात्री, आरे-वारे पुढच्या वेळी. हेदवीला बामणघळ बघायची आहे, त्यासाठी किती वाजता पोचावं?

खाडीकाठ:
भरतीला. ओहोटीला ती नुसती खडकातली चीर दिसते; भरतीच्या लाटेने पाणी आत कोंडून वर उसळतं ते बघायचं. वेळ काढायची जुनी रीत: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला साधारण तीनला पूर्ण भरती, अष्टमीला सहाला. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. जेवणाच्या चार्जिंगशी जुळवायचं तर प्रतिपदा-द्वितीयेचा सुमार धरा. सायकली वर देवळापाशीच कुलूप लावून ठेवा, खाली खारे तुषार उडतात, आणि घळीच्या काठावरचा खडक ओला असेल तिथून मागेच उभ्या राहा.